बागेतली माणसं

आमच्या दिंद्रुडकडच्या पाच-सात गावांत लिहितावाचता येणाऱ्या माणसाला अजूनही ‘बागेतला’ म्हणतात. कचेरीचा कागद आला की म्हातारी दारातूनच हाक मारते, “आरं, बागेतलं कुणी हाय का घरात?” सोयरीक जुळवताना विचारतात, “पोरगा बागेतला हाय का नुसताच रानातला?” परक्या माणसाला वाटतं, इथं माळ्यांची मोठी वस्ती असावी. मी हे ऐकलं की मिशीत हसतो. हा शब्द कुठून आला हे डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे. त्याच्या जन्माच्या वेळी मी जवळ उभा होतो. बढाई वाटेल, वाटू दे. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे फार नाही. हे एक आहे, ते मी मिरवणार.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी औरंगाबादला इंग्रजी पाच यत्ता शिकून आलो होतो आणि तहसील कचेरीत उमेदवारी करत होतो. उमेदवारी म्हणजे बिनपगारी कारकुनी. तिथला पेशकार, म्हणजे वरचा कारकून, माझ्या उर्दू अक्षराला हसला. ते सहन केलं असतं. पुढं तो म्हणाला की मराठी लिहून लिहून हात बिघडलाय. माझा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर. मी दौत उचलून त्याच्यासमोर आपटली आणि घरी निघून आलो. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “आता काय शेळ्या राखणार?”

त्यातून सोडवलं ते आबांनी. आबा माझे कुणी नात्यातले नव्हेत. सगळं गावच त्यांना आबा म्हणे. ओढ्याकाठी त्यांची चाळीस झाडांची आमराई होती. ते मला म्हणाले, “गावातल्या पोरांला शिकीव. जागा मी देतो. पर एक हाय, पोरांनी बाग राखायची. राघू आले, वानरं आली, की शाळा तशीच ठेवून उठायचं.”

मी म्हटलं, “आबा, शाळेत असं चालत नाही.”

“मग घरी बस,” आबा म्हणाले.

मी कबूल झालो. आमची शाळा सुरू झाली ती अशी.

एकतीस पोरं. त्यांनी एका जागी बसून चालायचं नाही, कारण बाग मोठी. म्हणून तीन-तीन, चार-चार पोरं एकेका झाडाखाली वाटून दिली. प्रत्येकाच्या मांडीवर पाटी आणि पाटीशेजारी गोफण. बागेच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा होता. त्यावर एक पोरगा उभा राहायचा. त्यानं चारी बाजूंना नजर ठेवायची आणि पाढेही सांगायचे. तो वरून ओरडायचा, “एक दिडं?” आणि खालून चाळीस झाडांतून उत्तर यायचं, “दीऽऽड!” कडेच्या झाडाखालच्या पोराला ऐकू जावं म्हणून मीही ओरडूनच शिकवायचो. कविता ओरडून, व्याकरण ओरडून, रागावणंही ओरडून. आमच्या शाळेत हळू बोलणं हा एकच गुन्हा होता. संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा आणि आई हळदीचं दूध हातात देत म्हणायची, “मास्तर हायस का दवंडीवाला?”

पावसाळ्यात मात्र बागेत बसणं शक्य नसे. तेव्हा चार महिने शाळा गावातल्या मारुतीच्या ओवरीत भरायची. तिथं सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि हळू आवाजात सगळं चाले. मला ते चार महिने फार सुखाचे वाटायचे. ते कुणाला दुःखाचे असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली आणि मला पुण्याहून एक पत्र आलं.

पत्र माझ्या औरंगाबादच्या सोबत्याचं. माझ्याच बाकावर बसायचा, माझ्याच वहीतून गणितं उतरवायचा. तो पुढं कॉलेजात गेला होता. चार ओळी खुशालीच्या आणि मग लिहिलं होतं, “आम्ही आता अ‍ॅकॅडमीतली माणसं झालो. विद्वानांच्या जगात वावरतो. तू मात्र आंब्याखाली पोरं हाकतोस, हे ऐकून वाईट वाटलं.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाईट वाटलं म्हणे! त्यातून भर अशी की ‘अ‍ॅकॅडमी’ हा शब्द मला माहीत नव्हता. विद्वानांचं जग, एवढं त्यानंच लिहिलं होतं म्हणून कळलं. पण शब्दाचा अर्थ त्याच्या उपकारानं कळावा हे मला मान्य नव्हतं. माजलगावला एक वकील होते. त्यांच्याकडे इंग्रजी शब्दांचा उशीएवढा जाड कोश होता. शाळेला सुटी देऊन मी पहाटे निघालो आणि चालत माजलगाव गाठलं. वकिलांना वाटलं जमिनीचा काही तंटा आहे. मी शब्द सांगितला तेव्हा त्यांनी माझ्या पायांवरच्या धुळीकडे एकदा आणि तोंडाकडे एकदा पाहिलं. “एका शब्दासाठी?”

“एकच आहे, पण फार लागलाय,” मी म्हणालो.

ते हसले आणि कोश काढला. बोट फिरवत फिरवत ते थांबले, स्वतःशी वाचलं, आणि मग मला मराठीत सांगू लागले. युनानी, म्हणजे ग्रीक मुलखात एक मोठं शहर. शहराबाहेर एक झाडांची बाग. तिथं एक थोर पंडित शिष्यांना घेऊन बसायचा. बागेचं नाव पडलं होतं तिच्या जुन्या मालकाच्या नावावरून. पुढं तिथल्या शाळेलाही लोक बागेच्याच नावानं ओळखू लागले. मग तसल्या सगळ्या शाळांना तेच नाव, आणि शेवटी जगभरच्या विद्वानांना मिळून तेच नाव.

“म्हणजे बाग?” मी विचारलं.

“बागच,” वकील म्हणाले. “ऑलिव्हची. ते काय असतं, देव जाणे.”

मी त्यांच्या ओटीवरून उठलो तो उडी मारूनच. परतीची वाट मला पायाखाली जाणवलीसुद्धा नाही. मी मोठमोठ्यानं हसत होतो. वाटेत एक गुराखी माझ्याकडे बघून बाजूला झाला. गावात शिरल्यावर घरी न जाता आधी आबांकडे गेलो आणि सगळी हकिगत सांगितली. आबा सुतळी वळत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“ते फळ खात्यात का?”

“तेल काढतात म्हणे. खारवतातही.”

“म्हंजी आंब्यावाणीच की. आन् नाव मालकाचं पडलं?”

“मालकाचं.”

“त्या मालकाला शाळा शिकीवता येत व्हती?”

“तसं काही कोशात नव्हतं.”

आबा पुन्हा सुतळी वळू लागले, पण त्या दिवसापासून त्यांची मान थोडी ताठ झाली हे मी शपथेवर सांगतो. बाजारात भेटेल त्याला ते सांगू लागले की शाळा मास्तरची असती, पर नाव बागवाल्याचं होतं.

सोबत्याला मी कार्ड टाकलं. त्यात एकच वाक्य लिहिलं: “तू त्या शब्दात राहतोस, मी त्या शब्दाच्या घरी राहतो.” त्या कार्डाला उत्तर आलं नाही. माझा जीव थंड झाला.

पण गर्वाचं घर खाली, ते उगीच म्हणत नाहीत. त्याच वर्षी हिवाळ्यात सरकारी गश्ती आली, म्हणजे गावोगाव फिरवलेला हुकूम. खाजगी शाळा परवानगीवाचून चालवता येणार नव्हती. तालीमात खात्याचे नाझीर, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, चैत्रात स्वतः येऊन पाहणार आणि मगच परवानगी मिळणार. सोबत उर्दूत छापलेला एक फॉर्म. त्यात रकाना होता: इमारत. आमच्याकडे इमारत नव्हती. देवळाची ओवरी शाळा म्हणून कागदावर चालणार नव्हती. इमारत नाही तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर चैत्रापासून एकतीस पोरं पुन्हा गुरांमागं, आणि मी पुन्हा त्या पेशकाराच्या दारात, फुटलेल्या दौतीची माफी मागायला.

एके दिवशी दुपारी आबा बागेत आले. माळ्याच्या आसपासच्या झाडांवरून त्यांनी हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मधली चार तोडू. चैत्रापात्तूर मातीच्या भिंती उभ्या हुतील.”

ती चार झाडं आबांच्या वडलांनी लावलेली. सगळ्या बागेत गोड फळ त्यांचंच. आबांचा आवाज कापत होता आणि ते तो खोकल्यात लपवत होते.

त्या वेळी मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. शहाणा माणूस म्हणाला असता. पण माझ्या डोक्यात तो शब्द बसला होता. मी म्हटलं, “एकही झाड तोडायचं नाही. नाझीरसाहेब शिकलेला माणूस असणार. मी त्यांना शब्दाची हकिगत सांगतो. ज्या शब्दानं जगभरचे विद्वान ओळखले जातात तोच बागेत जन्मला, तर बागेतली शाळा नाकारणार कोण?”

“शब्दावर छप्पर बसतं का, मास्तर?” आबांनी विचारलं.

“बसतं,” मी म्हणालो.

आबांनी कुऱ्हाड नेली नाही. पुढचा महिनाभर मी उर्दूत भाषण तयार करत होतो. ओढ्याच्या पात्रात उभं राहून मी ते दगडांना म्हणून दाखवायचो. मोठा अभिमान होता मला त्या भाषणाचा.

चैत्रात, ऐन कैऱ्यांच्या दिवसांत, नाझीरसाहेब आले. पांढरी दाढी, काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, सोबत एक चपराशी. घोड्यावरून उतरले आणि आबांनी घातलेल्या बाजेवर बसले. माणूस सभ्य होता, पण आवाज इतका मऊ की समोर बसूनही कान द्यावा लागे. आल्याआल्या ते म्हणाले, “मास्तर, इतना शोर क्यूँ है?” माळ्यावरचा पोरगा तेव्हा तेविसाचा पाढा सांगत होता.

मग त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला. “इमारत?”

मी छाती काढून उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. शहर, बाग, पंडित, शिष्य, मालक, शब्द. एकाही जागी अडखळलो नाही. आबा मागं उभे होते, त्यांना उर्दू अर्धीच कळत होती, पण मालकाचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा सावरला. मी संपवलं आणि शाबासकीची वाट पाहू लागलो.

नाझीरसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. “ती बाग मला ठाऊक आहे,” ते उर्दूत म्हणाले. “ऑलिव्हला आम्ही जैतून म्हणतो. सुंदर हकिगत आहे. पण मास्तर, पुस्तकांत असंही लिहिलंय की त्या बागेला भोवती भिंत होती.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. भिंत! वकिलांच्या कोशात भिंतीचा शब्द नव्हता. पाचशे पानी कोश आणि भिंत नाही! मी आबांकडे पाहिलं. त्यांनी कुजबुजत विचारलं, “काय म्हनले?” मी सांगितलं. आबा म्हणाले, “त्यांच्यात वानरं जास्ती असतील.” पण हसायला आमच्यापैकी कुणाच्यात त्राण नव्हतं.

“मुलांची परीक्षा घेऊ,” नाझीरसाहेब म्हणाले. “इमारतीचं मग बघू.” ते ‘मग’ कसलं आहे हे मला कळत होतं.

त्यांनी त्या मऊ आवाजात, मराठीतून, पहिला प्रश्न विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. दुसरा विचारला. पोरं त्यांच्याकडे आदरानं बघत बसली. माझी सगळ्यांत हुशार पोरं, जवळच्या झाडाखाली मुद्दाम बसवलेली, हात जोडून गप्प. मी एकदा साहेबांकडे आणि एकदा पोरांकडे पाहिलं. मग उमगलं. दोन वर्षं ज्यांना मी बागेत ओरडूनच सगळं विचारलं, त्यांच्या लेखी देवळाबाहेर हळू विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हता! साहेब मास्तरांशीच काहीतरी बोलतायत, असं समजून ती बिचारी शिस्तीनं गप्प बसली होती. ही शिस्त मीच लावलेली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

“साहेब, मी विचारतो,” मी म्हणालो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा ओरडलो, “सतरा दिडं?”

आणि नेमके तेव्हाच राघू आले.

शे-दीडशे राघूंचा थवा ओढ्यावरून आला आणि कैऱ्यांवर उतरला. माळ्यावरून आरोळी आली, “राघूऽऽ!” एकतीसच्या एकतीस पोरं उठली. आबांची अटच होती तशी. पाट्या जमिनीवर, गोफणी हवेत, “हाऽऽ हाऽऽ” करत सगळी शाळा चारी दिशांना पांगली. एक खडा चपराशाच्या पागोट्यावरून गेला आणि तो बाजेखाली शिरला. क्षणभरात बागेच्या मधोमध नाझीरसाहेब, आबा आणि मी एवढेच उरलो, आणि उत्तर न मिळालेला माझा प्रश्न. मी डोळे मिटले. मला फुटलेली दौत दिसली.

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला.

“साडेपंचवीऽऽस!”

बाईचा आवाज होता. स्वच्छ, खणखणीत, चाळीस झाडांपलीकडं पोचेल असा.

आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं. बागेला लागून शेजाऱ्याचा मळा होता. तिथं कांद्याची काढणी चालली होती. चार-पाच बाया वाकून कांदे उपटत होत्या. त्यांतली एक सरळ उभी होती, मळेकऱ्याची सून. वीसेक वर्षांची असेल. तिच्या हातात मातीसकट कांद्याची पेंढी होती. आपण काय केलं हे कळल्यावर तिनं झटकन पदर ओढला आणि पाठ फिरवली. विहिरीवर तिचा सासरा मोट हाकत होता. बैल धावेच्या उतारावर मधेच उभे राहिले, मोट अर्ध्यावर लटकली, आणि सासऱ्याचा आ वासलेला तसाच.

मी तिला रोज पाहत होतो. दोन वर्षं. पाहत होतो म्हणजे तिकडे नजर जायची, एवढंच. कधी खुरपताना, कधी पाणी धरताना. त्या मळ्यात माझा आवाज जात असेल असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. बायांना त्रास होत असेल, हेसुद्धा नाही.

नाझीरसाहेब बाजेवरून उठले. काटे-कुसळं चुकवत, शेरवानीचा घेर हातात धरून, ते बांधापर्यंत चालत गेले. मी मागं, आबा मागं. साहेबांनी मला खुणावलं आणि मी विचारलं. ओरडूनच विचारलं, सवयच ती.

“एकोणीस अडीचं?”

पाठमोरी असतानाच ती म्हणाली, “साडेसत्तेचाळीस.”

“एकोणतीस सत्ते?”

“दोनशे तीन.”

एव्हाना राघू उडाले होते आणि पोरं एकेक करून बांधावर जमली होती. माझ्या हुशार पोरांपैकी एक जण बोटांवर मोजत होता, ती बरोबर आहे का ते पाहायला. मळ्यातल्या बायांनी काम थांबवलं होतं. नाझीरसाहेबांचे डोळे लकाकत होते. त्यांनी हळूच माझ्या कानाशी पुढचा प्रश्न सांगितला. साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी. कठीण. मी विचारलं, “तेरा औटं?”

तिनं हातातली पेंढी या हातातून त्या हातात घेतली.

क्षणापूर्वी ती उत्तर देईल अशी मला आशाही नव्हती आणि आता चुकेल म्हणून माझा जीव जात होता.

“ते मला येत न्हाई,” ती म्हणाली.

“कावून?” आबांनी विचारलं. बांधावर आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

ती वळली. पदर तसाच, पण आता ती आमच्याकडं तोंड करून बोलत होती. “औटकी पावसाळ्यात झाली, आबा. तवा शाळा देवळात व्हती. चार भिंतीच्या आतलं मला कसं यावं?” आणि मग, आपलीच बाजू मांडल्यासारखी म्हणाली, “देवळातलं न्हाई येत. बागेतलं समदं येतंय. बागेतलं पुसा.”

हाच तो शब्द. तो मी घडवला नाही, वकिलांच्या कोशातही नव्हता. कांद्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या एका सुनेनं तो पहिल्यांदा उच्चारला, आणि बांधावरच्या एकतीस पोरांनी तो त्याच संध्याकाळी एकतीस घरांत नेला.

नाझीरसाहेब आमच्याकडं वळले. मग ते आम्हा दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मास्तर, त्या जैतूनच्या बागेला भिंत होती. म्हणून भिंतीबाहेर कुणाला काय आलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.” ते परत बाजेपाशी आले. चपराशी एव्हाना बाजेखालून निघून, काही झालंच नाही असा उभा होता. साहेबांनी दौत मागितली. मी ती दोन्ही हातांनी, अतिशय जपून, त्यांच्यापुढं ठेवली. इमारतीच्या रकान्यात त्यांनी उजवीकडून डावीकडं दोन शब्द लिहिले. मी वाकून वाचले: ‘बाग. काफी.’ पुरेशी आहे.

आबांना मी अर्थ सांगितला. ते मधल्या चार झाडांपैकी एकापाशी गेले आणि पाठ टेकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी ते खोकलेसुद्धा नाहीत. मी तर लाजच सोडली होती. एकतीस पोरांबरोबर मीही उड्या मारत होतो. निजामाच्या राज्यात त्या दिवशी माझ्याइतका श्रीमंत माणूस नव्हता, खुद्द निजाम धरून.

साहेबांनी एक अट मात्र घातली. पावसाळ्यात देवळात जायचं नाही. बागेतच, मळ्याच्या बाजूला, गवताचं छप्पर घालायचं; वर छप्पर आणि खाली फक्त मेढी, कुडाची भिंतसुद्धा नको. “औटकी राहून गेलीय,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी शाळेचा पट मागितला. एकतीस नावं बोटानं मोजली आणि बत्तिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. “इनका नाम लिखो.”

मोटेवरचा सासरा तोवर बांधावर येऊन उभा होता. गावात त्याच्या तोंडाचा धाक मोठा. सुनेचा आवाज परक्या पुरुषांपुढं बांधापलीकडं गेला होता, आता तो काय करतो इकडे सगळ्या बायांचं लक्ष. त्यानं विचारलं, “सुनंचं नाव सरकारात जानार?”

“जानार,” आबा म्हणाले.

त्यानं सुनेकडं पाहिलं. मग साहेबांकडं, मग माझ्या हातातल्या लेखणीकडं. “मग ठळक लिव्हा,” तो म्हणाला. “बारीक नगं.”

मी ठळक लिहिलं. इतकं ठळक की त्या ओळीनं खालच्या ओळीचीही जागा खाल्ली. लिहून झाल्यावर मी मान वर केली आणि मास्तरकीच्या रुबाबात, सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणालो, “बाई, उद्यापासून हजेरी लागेल. रोज यायचं.”

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली, पदर जरा मागं सारला आणि तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, “मी रोज येतच व्हते की, मास्तर. तुमीच कदी हजेरी घेतली न्हाई.”